दंडावरचा वण

माझ्या डाव्या दंडावर चवलीएवढा एक खोलगट वण आहे. कोकणातील आजोळी ओटीवर बसवून देवी काढल्या तेव्हाचा तो. हातात लोखंडी हत्यार घेतलेल्या त्या सरकारी माणसाचा चेहरा मला मुळीच आठवत नाही. परंतु त्याची चाहूल लागताच वाडीतील निम्मी मुले गवताच्या उडव्यांमागे दडून बसत आणि त्यांना हुडकून काढण्याच्या कामी पोलीसपाटलापेक्षा आमच्या आज्याच अधिक तत्पर असत, एवढे मात्र लख्ख आठवते. माझ्या नातवाच्या दंडावर बीसीजी लशीची बारीकशी खूण आहे. देवीचा हा वण मात्र नाही.

‘देवी काढणे’ हा आपला वाक्प्रचार मोठा विलक्षण आहे. रोगाला देवी म्हणायचे, रोग झाला म्हणजे ‘देवी आल्या’ असे आदरार्थी बहुवचनात बोलायचे, घरात फोडणी बंद करायची, दाराला कडुनिंबाचे डहाळे लावायचे आणि शीतळेच्या कोपाची शांती मागायची, या सर्व आचारधर्माच्या पोटातच परक्या अंमलदाराने आणलेला उपाय आपल्या लोकांनी सामावून घेतला व त्यालाही देवीचेच नाव दिले. ‘लस’ या शब्दाची कहाणीही अशीच. फोडातून पाझरणाऱ्या पातळ द्रवाला मराठी माणूस पूर्वीपासून लस म्हणत आला. पुढे तोच द्रव एका मुलाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात जाऊ लागला, तेव्हा शब्दही त्याच्याबरोबर गेला आणि आज काचेच्या कुपीतील अत्यंत शुद्ध अशा औषधावर तो निमूटपणे विराजमान आहे.

इंग्लंडात एडवर्ड जेन्नरने गोस्तनदेवीचा प्रयोग केला तो १७९६ च्या मे महिन्यात. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत ही लस व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद आणि बसरा असा प्रवास करीत मुंबई बंदरात येऊन पोहोचली. बर्फ नाही, शीतपेटी नाही, अशा त्या काळात वाळवलेला द्रव वाटेतच निकामी होण्याचे भय फार. त्यामुळे जिवंत मुलांच्या दंडांची साखळी हेच लशीचे खरे वाहन ठरले. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली, तिच्या दंडावर फोड उत्तम फुलला, आणि त्या एका फोडातील द्रवातून ही विद्या पुणे, सुरत, मद्रास अशी देशभर पसरत गेली. एवढ्या विशाल देशातील लसीकरणाचा उगम एका चिमुरडीच्या दंडाशी सापडावा, हे इतिहासाच्या पुस्तकांनी क्वचितच आवर्जून सांगितले आहे. लढाया आणि तह यांतून त्यांना सवड मिळत नसावी.

या दंडादंडाच्या पद्धतीत लोकांच्या विरोधाचे बीजही होते. आठवड्यापूर्वी टोचलेल्या मुलाचा फोड फोडून त्यातील द्रव दुसऱ्याला द्यायचा म्हणजे त्या मुलाला पुन्हा रडवणे आले, आणि कोणाच्या अंगातील द्रव कोणाच्या अंगात जाणार हा जातिभेदाने पोखरलेल्या समाजातील धसका तर होताच. सरकारने १८७७ साली मुंबई शहरासाठी सक्तीचा कायदा केला व १८८० मध्ये हिंदुस्थानसाठी दुसरा. कायद्याने दफ्तरात नोंदी वाढल्या हे खरे. पण मूल दडवणारी आई कायद्याने बदलते असा माझा अनुभव नाही.

सक्ती आणि विश्वास यांतील अंतर मराठी मुलखाने सर्वांत अधिक भोगले ते प्लेगात. १८९६ च्या सप्टेंबरात मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात हा रोग ओळखला. पुढच्याच वर्षी पुण्यात घरझडत्या सुरू झाल्या, गोरे सोजीर देवघरांत शिरले, आणि २२ जूनच्या रात्री प्लेगचा अंमलदार रँड याच्यावर गोळी झाडली गेली. त्याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्चला देह ठेवला. नेमक्या याच महिन्यांत, मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका तोकड्या जागेत, ओडेसाहून पॅरिसमार्गे आलेला वाल्देमार हाफकिन नावाचा ज्यू शास्त्रज्ञ प्लेगची लस सिद्ध करीत होता. मांसाच्या अर्कात तुपाचे थेंब सोडून त्यांच्या आधाराने जंतू वाढविण्याची त्याची युक्ती होती. जंतू त्या तरंगत्या थेंबांपासून खाली झुंबरासारखे लोंबत वाढत. आपल्या स्वयंपाकघरातील तुपाला विज्ञानाच्या इतिहासात असे स्थान मिळाले आहे याची आपल्या गृहिणींना कल्पना नाही. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांची पाळी त्यानंतर आली. आधी आपला दंड पुढे करणारा हा मनुष्य आणि झडतीचा हुकूम काढणारा अंमलदार, दोघेही परकेच. तरीही या दोन परकेपणांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हाफकिनच्या वाट्याला मात्र न्याय उशिरा आला. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच कुपीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष त्याच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला, आणि कुपी उघडताना त्या गावीच चूक झाली असावी हे मान्य होऊन कलंक धुतला जाण्यास १९०७ साल उजाडले. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेलेल्या त्याच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्याचे नाव देण्यात आले. पुढे तिथेच रक्तद्रव तयार करण्यासाठी लागणारे घोडे पुण्याच्या पूनावालांच्या पागेतून जात, आणि त्या व्यवहारातूनच १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूटची कल्पना रुजली. मुंबईची प्रयोगशाळा आणि पुण्याची पागा यांचे हे नाते एखाद्या कादंबरीकाराने अद्याप हाती घेतलेले नाही.

देवीचा अंत सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर रेंगाळत नाही. केवळ टोचण्यांचे आकडे फुगवून ती हटली नाही. चित्रपत्रिका हातात घेऊन घरोघर ‘असा रोगी पाहिलात का’ असे विचारीत जाणाऱ्या आणि रोगी सापडताच त्याच्याभोवतालच्या सर्वांना टोचून रोगाची कोंडी करणाऱ्या पथकांनी ती हटवली. १९७५ मध्ये देशातील शेवटचा रोगी नोंदला गेला. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त जाहीर झाले.

पोलिओची कथा आपल्या डोळ्यांदेखत घडली. १९९५ पासूनच्या रविवारी शाळेच्या पडवीत मांडलेली टेबले, दोन थेंब, करंगळीवरची शाईची खूण आणि दुसऱ्या दिवशी दारावर खडूने काहीबाही लिहून जाणाऱ्या अंगणवाडीच्या ताई. १३ जानेवारी २०११ नंतर या देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण आढळला नाही, आणि २०१४ च्या मार्चमध्ये तसा दाखला मिळाला. या यशाचे मानकरी शोधायचे तर पाडा चढून जाणाऱ्या त्या आशाताईंपाशी आणि खांद्याला शीतपेटी अडकवलेल्या नर्सबाईंपाशी जावे लागेल. लस दोन ते आठ अंश तापमानात राखायची, कुपीवरील चौकोनाचा रंग पाहायचा आणि वर सासूबाईंची समजूतही घालायची, अशी तिहेरी चाकरी त्या करतात. त्यांचे मानधन आणि त्यांचे काम यांची तुलना करण्याचे धाडस मी करीत नाही.

अलीकडे एक नवीच अडचण उभी राहिली आहे. घटसर्पाने घसा आवळून गेलेले मूल, डांग्या खोकल्याने निळे पडलेले ओठ, हे ज्यांनी पाहिलेच नाही अशा सुशिक्षित आईबापांना रोगापेक्षा सुईचे भय अधिक वाटू लागले आहे. १९९८ मध्ये लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात गोवराच्या संयुक्त लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा निबंध आला. तो २०१० साली मागे घेण्यात आला. परंतु अफवा मागे घेण्याची सोय कोणत्याच संपादकापाशी नसते. गोवर तर अशा गाफीलपणाची वाटच पाहत असतो. तो इतका सांसर्गिक आहे की शंभरांतील पंचाण्णव मुले सुरक्षित असल्याखेरीज वस्ती सुरक्षित नसते. करोनाच्या काळात टोचण्या चुकल्या आणि २०२२ च्या उत्तरार्धात मुंबईतील गोवंडी-मानखुर्दच्या दाट वस्तीत तो उसळून आला. तिथली मुले दगावली ती औषध नव्हते म्हणून नव्हे. औषध वॉर्डातल्या शीतकपाटात होते.

वाचकांना एकच विनंती. घरात लहान मूल असेल तर कपाटातील ते पिवळे पडलेले लसीकरणाचे कार्ड बाहेर काढावे. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असते. दुसऱ्या रकान्यात तारीख नसेल, तर लगेच आरोग्य केंद्र गाठावे. तिथे ती लस विनामूल्य मिळते.