उंबराच्या फुलातील पाहुणी

क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. वस्तुतः उंबराला फुले अमाप येतात. ज्याला आपण फळ समजतो त्या गोल पुष्पाशयाच्या आत ती असतात, एवढेच. तेथे वारा पोहोचत नाही, मधमाशीही नाही. पोहोचते ती सेराटोसोलेन फुसिसेप्स ही गांधीलमाशीची इवलीशी नातलग.

कोवळ्या उंबराच्या टोकाला खवल्यांनी झाकलेले बारीक छिद्र असते. गंधाच्या मागाने आलेली मादी त्यातून आत शिरते, तेव्हा तिचे पंख बहुधा तुटतात. परतीचा मार्ग संपतो. छातीवरील खिशांतून आणलेले परागकण ती फुलांवर ठेवते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. अंडी पडलेल्या फुलांत अळ्या वाढतात, इतर परागित फुलांत बी धरते. काही आठवड्यांनी बिनपंखी नर आधी बाहेर येतात, माद्यांशी समागम करतात, उंबराची भिंत पोखरून वाट करतात आणि मरतात. त्या वाटेने माद्या नवे पराग घेऊन उडतात.

अशा मादीच्या हाती उरतो जेमतेम एक दिवस. एका झाडाची उंबरे साधारणतः एकाच वेळी पक्व होतात. त्यामुळे तिला कोवळ्या उंबरांचे दुसरे झाड शोधावे लागते. वाऱ्यावर ती दूरवर जाऊ शकते, तरीही परिसरात उंबर विरळ झाले की हा शोध कठीण होतो. ‘किडके’ म्हणून बांधावरील वा ओढ्याकाठचे उंबर तोडण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे. ही माशी कोणत्याही पिकाची कीड नव्हे. तिच्यासाठी फवारणीची शिफारस करणे सर्वथा अनाठायी आहे.

बागेतील अंजिराचे गणित वेगळे आहे. आपले ‘पुना’ अंजीर परागीभवनाविना धरते. त्यात अळी आढळल्यास तिचे कारण अन्यत्र शोधावे. स्मिर्ना गटाच्या जातींना मात्र ब्लास्टोफॅगा सेनेस ही माशी अनिवार्य असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील बागायतदारांनी स्मिर्नाची कलमे आणून लावली. झाडे जोमाने वाढली, परंतु फळे पिकण्याआधीच गळत. अखेर १८९९ मध्ये ही माशी फ्रेस्नो येथे स्थिरावली आणि तेथे स्मिर्ना अंजीर पिकू लागले.