टूरिंग कार शर्यतीतील व्यावसायिक चालक : योग्यतेच्या मोजमापाचा एक प्रश्न

माणसाची योग्यता त्याच्या कामगिरीवरून ठरवावी, हे तत्त्व वरवर पाहता निर्विवाद वाटते. परंतु जेथे कामगिरी एकट्या माणसाची नसते, जेथे ती माणूस, यंत्र आणि संस्था या तिहींच्या संयोगातून निर्माण होते, तेथे माणसाचा वाटा वेगळा कसा काढावयाचा, हा प्रश्न सहजासहजी सुटण्यासारखा नाही. गिरणीतील विणकराच्या कामात मागाचा वाटा किती आणि हाताचा किती, या अर्थशास्त्रातील जुन्या प्रश्नाचेच हे एक रूप होय. मोटारशर्यतीच्या व्यवसायात हा प्रश्न विशेष उग्र स्वरूपात उभा राहतो. त्यातही टूरिंग कार या प्रकारात नियमच असे असतात की जो जिंकतो त्याच्या वाटेत मुद्दाम अडथळे उभे केले जातात. इटलीचे चालक गाब्रिएले तारक्वीनी यांची कारकीर्द या प्रश्नाच्या अभ्यासासाठी उत्तम उदाहरण ठरते. फॉर्म्युला वनच्या नोंदवहीत ज्यांचे नाव अपयशाच्या एका विक्रमापुढे लिहिले गेले, त्यांनीच पुढे टूरिंग कार शर्यतींत २४ वर्षांच्या कालखंडात चार मोठी विजेतेपदे मिळविली. यांपैकी खरा निवाडा कोणता?

१

टूरिंग कार म्हणजे बाजारात विक्रीस असलेल्या, घरगुती वापराच्या बंदिस्त मोटारीवरून तयार केलेली शर्यतीची मोटार. फॉर्म्युला वनची मोटार आरंभापासून शर्यतीसाठीच रचलेली असते. तिची चाके उघडी असतात आणि रस्त्यावरील मोटारीशी तिचे साम्य नसते. टूरिंग कारचे बाह्यरूप मात्र प्रेक्षकाच्या दारात उभ्या असलेल्या मोटारीसारखेच असते. या साम्यातच या शर्यतींचे अर्थकारण सामावलेले आहे. मोटारकंपनी शर्यतीवर खर्च करते तो आपल्या मोटारीची कीर्ती वाढावी म्हणून. आणि खर्च परताव्याच्या मानाने अवाजवी वाटू लागला की ती बाहेर पडते. १९९६ च्या अखेरीस अल्फा रोमिओ आणि ओपेल या कंपन्यांनी माघार घेताच आंतरराष्ट्रीय टूरिंग कार स्पर्धामाला बंद पडली, हे याचे ठळक उदाहरण होय. चालकाची नोकरी अशा निर्णयांवर टांगलेली असते, आणि त्या निर्णयांत त्याचा हात नसतो.

कंपन्या टिकून राहाव्यात आणि प्रेक्षकांचे औत्सुक्य कायम राहावे, यासाठी स्पर्धेचे नियामक समतेचे कृत्रिम उपाय योजतात. त्यांतील प्रमुख उपाय अतिरिक्त वजनाचा. मुंबई-पुण्याच्या घोडदौडीत अधिक गुणांकनाच्या घोड्यावर अधिक वजन लादण्याची जी पद्धत आहे, तिचाच हा यांत्रिक अवतार. जागतिक टूरिंग कार स्पर्धेत आरंभी हे वजन चालकाच्या यशाच्या प्रमाणात वाढत असे. पुढे मोटारीच्या विशिष्ट नमुन्याने नोंदविलेल्या वेळेवरून ते ठरविले जाऊ लागले. दुसरा उपाय क्रम उलटविण्याचा. २००९ च्या जागतिक स्पर्धेत पहिल्या शर्यतीतील पहिले आठ चालक त्याच दिवशीच्या दुसऱ्या शर्यतीत उलट क्रमाने उभे केले जात. म्हणजे आठवा आलेला सर्वांच्या पुढे आणि विजेता आठव्या जागी. अशा व्यवस्थेत सर्व शर्यती जिंकू पाहणारा चालक शहाणा ठरत नाही. कोठे जिंकावे, कोठे चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे आणि कोठे धक्काबुक्कीतून केवळ मोटार सांभाळून आणावी, याचा विवेक असणारा वर्षाच्या अखेरीस वर दिसतो.

२

तारक्वीनी यांचा जन्म २ मार्च १९६२ रोजी इटलीच्या आब्रुत्सो प्रांतातील ज्युलियानोव्हा या किनाऱ्यावरील गावी झाला. १९८७ मध्ये सान मारिनो ग्रां प्रीत ओसेला संघातर्फे त्यांनी फॉर्म्युला वनमध्ये प्रवेश केला. पुढे कोलोनी, ए.जी.एस. आणि फोंदमेताल या संघांतून १९९२ पर्यंत ते खेळले. हे सर्व संघ अल्प भांडवलाचे. त्या काळी फॉर्म्युला वनमध्ये मोटारींची गर्दी झाली होती. १९८९ मध्ये ३९ मोटारींची नोंदणी होती. परंतु मुख्य पात्रता फेरीत ३० मोटारींनाच स्थान होते आणि प्रत्यक्ष शर्यतीत २६ मोटारींनाच. म्हणून मागील कामगिरी दुर्बळ असलेल्या १३ मोटारींना शुक्रवारी सकाळी एका तासाची पूर्व-पात्रता फेरी द्यावी लागे. त्यांतून चार मोटारी पुढे जात. उरलेल्या नऊ मोटारींचा आठवडा त्या एका तासातच संपे.

या फेरीचा अन्याय असा की जो संघ तीत अडकला त्याला सराव कमी मिळे, सराव कमी म्हणून सुधारणा कमी, आणि सुधारणा कमी म्हणून पुन्हा तीच फेरी. १९८९ मध्ये मेक्सिकोच्या शर्यतीत तारक्वीनी यांनी ए.जी.एस. मोटारीने सहावा क्रमांक मिळविला आणि एक गुण नोंदविला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात त्याच संघाला पूर्व-पात्रता फेरीत उतरावे लागले, आणि तेथून बाहेर पडणे त्यांना साधले नाही. १९९५ मध्ये टिरेल संघाच्या जखमी चालकाच्या जागी ते आणखी एकदा उतरले. एकंदर हिशेब असा : ७८ नोंदण्या, ३८ शर्यतींत प्रत्यक्ष सहभाग आणि गुण एक. शर्यतीस उभे राहण्यास न मिळण्याच्या प्रसंगांत त्यांचे नाव अग्रभागी राहिले. १९९२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, केवळ या आकड्यांवरून कोणी निकाल दिला असता तर तो प्रतिकूलच झाला असता.

३

१९९४ मध्ये अल्फा रोमिओने त्यांना ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत पाठविले. कंपनीने १५५ या मोटारीची एक विशेष आवृत्ती काढली होती. नियमानुसार विक्रीच्या मोटारीवर जे वायुरोधक भाग असतील तेच शर्यतीत चालत. अल्फाने त्या आवृत्तीच्या २,५०० मोटारी तयार केल्या आणि मागील पंख वर उचलून बसविण्याचे साहित्य ग्राहकास मोटारीसोबत देऊ केले. नियमाचे अक्षर पाळले गेले. त्याचा हेतू पाळला गेला की नाही यावर वाद माजला. हंगामाच्या आरंभीच्या शर्यती तारक्वीनी यांनी लागोपाठ जिंकल्यामुळे तो वाद अधिकच तापला, आणि ऑल्टन पार्क येथे अल्फाचा संघ शर्यत सोडून निघून गेला. तडजोडीनंतर तो परतला आणि अजिंक्यपद तारक्वीनी यांनाच मिळाले. पुढील वर्षी तसे पंख सर्वांनाच मोकळे झाले.

या यशाचे श्रेय कोणाचे? प्रतिस्पर्ध्यांच्या मते पंखांचे, समर्थकांच्या मते चालकाचे. एकाच हंगामाच्या पुराव्यावरून हा वाद मिटविणे शक्य नाही, कारण त्या हंगामात चालक आणि यंत्र या दोन्ही गोष्टी एकमेकींपासून सुट्या होत नाहीत. त्यासाठी दीर्घ कालखंड हवा आणि यंत्रे बदललेली हवीत. तारक्वीनी यांच्या कारकिर्दीचे महत्त्व येथेच आहे. २००३ मध्ये त्यांनी अल्फा १५६ मोटारीने युरोपीय अजिंक्यपद मिळविले. १५५ मागे पडली होती, नियम बदलले होते आणि पंखांचा प्रश्न उरला नव्हता. २००५ मध्ये जागतिक स्पर्धा पुन्हा सुरू झाली आणि २००६ पासून ते स्पेनच्या सेआत कंपनीकडे गेले. या कंपनीने २००७ मध्ये डिझेल इंजिनाची मोटार उतरविली. डिझेल इंजिनाचा जोर कमी फेऱ्यांवर अधिक असतो, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना पुढच्या चाकांवर ताण येतो. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या मोटारीत वळविणे, ओढणे आणि गती रोखण्याचा मोठा भाग ही तिन्ही कामे त्याच दोन टायरांना करावी लागतात. म्हणून ते टायर शर्यतीच्या अखेरपर्यंत टिकविणे हेच चालकाचे खरे कसब ठरते. २००९ मध्ये मकाव येथील शेवटच्या फेरीअखेर तारक्वीनी जागतिक विजेते झाले. त्या वेळी त्यांचे वय ४७ वर्षांचे होते. १९५७ मध्ये ४६ व्या वर्षी फॉर्म्युला वनचे अजिंक्यपद मिळविणारे हुआन मॅन्युएल फांजिओ यांचा ज्येष्ठतेचा विक्रम त्यांनी मोडला.

वर्षअखेर सेआतने अधिकृत संघ मागे घेतला. विजेत्याचीही नोकरी सुरक्षित नसते, हे त्यामुळे पुन्हा दिसून आले. नंतरच्या वर्षांत ते होंडा आणि लाडा या कंपन्यांच्या मोटारी चालवीत राहिले. २०१७ मध्ये ह्युंदाईने जर्मनीतील आपल्या केंद्रात नवी मोटार घडविली, तेव्हा चाचणीचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. त्याच वर्षी चीनमधील झेजियांग येथे त्या मोटारीची पहिली शर्यत त्यांनी जिंकली, आणि २०१८ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, जागतिक टूरिंग कार कप मिळविला. २०२१ च्या अखेरीस ते निवृत्त झाले.

४

येथे एक तुलना उद्बोधक आहे. फ्रान्सचे इव्हान म्युलर हे तारक्वीनी यांच्याहून सात वर्षांनी लहान असून चार वेळा जागतिक टूरिंग कार विजेते झाले. २००८ मध्ये दोघेही सेआत संघात होते. म्युलर पहिले आले, तारक्वीनी दुसरे. २००९ मध्ये त्याच संघात तारक्वीनी १२७ गुणांनी पहिले आले आणि म्युलर १२३ गुणांनी दुसरे. नऊ वर्षांनंतर, २०१८ मध्ये, दोघांनीही ह्युंदाईचीच मोटार चालविली, मात्र वेगवेगळ्या संघांतून. म्युलर यांचा संघ त्यांचा स्वतःचा होता. त्या वेळचे वजन मोटारीच्या नमुन्यावर ठरत असल्याने दोघांवरील भार सारखाच होता. निकाल : तारक्वीनी ३०६, म्युलर ३०३.

प्रयोगशाळेतील कसोटी घेणे या क्षेत्रात शक्य नाही. परंतु मोटार समान असलेले असे हंगाम हे तिच्या सर्वांत जवळ जातात. त्यांतून दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की यंत्र समान केले म्हणजे अव्वल चालकांतील अंतर फारच अल्प उरते : एका वर्षी चार गुण, दुसऱ्या वर्षी तीन. एवढे अंतर एखाद्या फुटलेल्या टायरानेही उलटे होऊ शकते. म्हणून अमुक एक चालक निःसंशय श्रेष्ठ, असे एका विजेतेपदावरून म्हणणे धाडसाचे होईल. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. नऊ वर्षांच्या अंतराने, वेगळ्या कंपनीच्या, वेगळ्या इंजिनाच्या मोटारीत, वेगळ्या नियमांखाली तीच दोन माणसे पुन्हा अग्रभागी दिसतात. यंत्र बदलले, पण माणसे तीच राहिली. योगायोगाने हे एकदा घडू शकेल. वारंवार घडणे केवळ योगायोगाचे फल मानता येत नाही.

५

यावरून टूरिंग कार चालक नेमके काय विकतो, याचे उत्तर शोधता येते. तो केवळ वेग विकत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा प्रतिक्षेप पंचविशीतील तरुणाहून चपळ असेल, असे कोणी म्हणणार नाही; तरीही नवी मोटार घडविताना कंपनीने ज्येष्ठ चालकाची निवड केली. अतिरिक्त वजन चढल्यावर ब्रेक किती आधी दाबावा, टायर कोणत्या फेरीपासून ढिला पडतो, मोटारीचे मागील अंग वळणात का निसटते, हे अचूक ओळखणे आणि अभियंत्याला त्याच्या कामास येईल अशा भाषेत सांगणे, हे ज्ञान अनेक मोटारींवर वर्षानुवर्षे बसूनच येते. हे ज्ञान गुणफलकावर उमटत नाही. परंतु संघाच्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचे ठरते. फॉर्म्युला वनमधील दुर्बळ संघांत तारक्वीनी यांनी जी वर्षे घालविली ती या दृष्टीने सर्वस्वी निष्फळ म्हणता येत नाहीत.

अर्थात या उदाहरणाची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. तारक्वीनी यांना १९९४ ची संधी मिळाली म्हणून त्यांच्या योग्यतेचा पुरावा उपलब्ध झाला. पूर्व-पात्रता फेरीच्या त्या एका तासात ज्यांची कारकीर्द संपली आणि ज्यांना दुसरे दार उघडले नाही, त्यांच्याविषयी आकडे गप्प आहेत. आणि आकड्यांचे मौन हा अपात्रतेचा पुरावा नव्हे. एका व्यवस्थेतील ७८ नोंदण्या आणि एक गुण, तर दुसऱ्या व्यवस्थेतील चार विजेतेपदे, हे दोन्ही एकाच माणसाचे आकडे आहेत आणि दोन्ही खरे आहेत. पहिल्या आकड्यांनी मुख्यतः मोटार मोजली. दुसऱ्यांनी, यंत्रे आणि नियम अनेकदा बदलत गेल्यामुळे, हळूहळू माणूस मोजला. जेथे जेथे माणसाचे काम यंत्राशी आणि संस्थेशी जखडलेले असते, तेथे तेथे निकाल देणाऱ्याने आपल्या हातातील आकडा यांपैकी कोणत्या जातीचा आहे, हे आधी तपासणे अगत्याचे आहे.