राजवाड्यात वसलेलं शहर : स्प्लिटमधला एक दिवस

राजवाड्याचा धडा आला की मुलं हमखास विचारतात, "मग आता तिथे कोण राहतं?" बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, कुणी नाही, लोक तिकीट काढून बघायला जातात. क्रोएशियातल्या स्प्लिट शहरात मात्र हे उत्तर चालत नाही. तिथे रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्यात आजही घरं आहेत, दुकानं आहेत, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात.

डायोक्लेशियन जवळच्याच सलोना भागातला. इ.स. ३०५ मध्ये त्याने आपणहून सत्ता सोडली. रोमन सम्राटांत हे दुर्मीळच! उरलेलं आयुष्य काढायला त्याने एड्रियाटिक समुद्राच्या काठावर हा वाडा बांधून घेतला होता. लांबी साधारण २१५ मीटर, रुंदी १८० मीटर, म्हणजे सुमारे साडेनऊ एकर. एवढ्या जागेला वाहन कशाला हवं? दिवसभर पायीच रमतगमत फिरावं.

सकाळी पूर्वेच्या रुपेरी दरवाजापासून सुरुवात करावी. बाहेर भाजीबाजार भरलेला असतो. आत शिरून सरळ चालत गेलं की खांबांनी वेढलेला चौक लागतो, त्याला पेरिस्टाइल म्हणतात. तिथे काळ्या दगडाचा एक स्फिंक्स बसलेला आहे. तो इजिप्तमधून आणलेला, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे वाडा बांधला तेव्हाच तो 'प्राचीन वस्तू' होता. मुलांना काळाचा अंदाज द्यायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सुचत नाही.

या चौकात जरा जास्त वेळ थांबावं. समोरची अष्टकोनी इमारत ही डायोक्लेशियनची समाधी. याच सम्राटाने इ.स. ३०३ पासून ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला आणि त्यात सलोनाचे बिशप डोम्नियस यांचा बळी गेला. पुढे सातव्या शतकात सलोना उद्ध्वस्त झालं, जीव वाचवायला लोक या वाड्याच्या भक्कम भिंतींआड आले आणि इथेच राहिले. त्यांनी समाधीचं चर्च केलं, आणि तेही डोम्नियस यांच्या नावाचं! सम्राटाची शवपेटी कुठे गेली याचा आज पत्ता नाही. ज्युपिटरच्या देवळात मुलांचा बाप्तिस्मा होऊ लागला. त्या देवळाजवळची एक गल्ली तर इतकी अरुंद आहे की तिचं नावच 'मला जाऊ दे' असं पडलंय.

दुपारी ऊन चढलं की तळघरात उतरावं, गारवा असतो. वरचे लोक शतकानुशतकं इथे कचरा टाकत आले. त्यामुळे दालनं भरून गेली, पण त्यामुळेच ती टिकलीही. तळघराची रचना वरच्या दालनांसारखीच असल्याने, वरचं बरंच नष्ट होऊनही सम्राटाची दालनं कशी होती ते आज कळतं. (घरी आई कचऱ्यावरून रागावली तर ही सबब मात्र चालणार नाही.)

तळघरातून दक्षिणेच्या दरवाजाने बाहेर पडलं की रिवा, समुद्रकाठचा रुंद रस्ता. पूर्वी लाटा थेट भिंतीला लागायच्या. संध्याकाळी इथून मागे वळून भिंतीकडे पाहावं. रोमन कमानींमध्ये कुणी खिडकी बसवलीय, कुणी गच्ची काढलीय. लोक राहिले म्हणून डागडुजी होत गेली, वाडा उभा राहिला. १९७९ मध्ये तो जागतिक वारसा यादीत आला. पर्यटक वाढले, घरं त्यांना भाड्याने जाऊ लागली आणि जुने रहिवासी हळूहळू बाहेर पडताहेत. तेराशे-चौदाशे वर्षं ज्यांनी वाडा सांभाळला, त्यांनाच आता तिथे राहणं परवडेना झालंय. मुलांच्या त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देताना हेही सांगायला हवं.

वर्गात हा धडा घेताना आलेखाच्या कागदावर २१५ बाय १८०चा आयत काढून घ्यावा. चार बाजूंना चार दरवाजे, मध्ये एकमेकांना छेदणारे दोन रस्ते. मग मुलांना विचारावं, सलोनाहून पळून आलेलं तुमचं कुटुंब यात कुठे बिऱ्हाड थाटेल? आणि पाणी कुठून आणेल?