अक्षरांचाही परवाना असतो

पुस्तकाची पानं लागली, मुद्रितं तपासून झाली, की डीटीपी करणारा शेवटी इनडिझाइन या पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पॅकेज’ करतो. मजकूर, चित्रं, फाँट एका फोल्डरमध्ये गोळा होतात. फाँटची प्रत करण्यावर निर्बंध असू शकतात, अशी सूचना त्या वेळी पडद्यावर येते. ती न वाचताच ‘ओके’ दाबलं जातं आणि पेनड्राइव्हवरून फाँट छापखान्यात पोचतो. मराठी प्रकाशनव्यवहाराची फाँटविषयीची सगळी बेफिकिरी त्या एका ‘ओके’त दिसते. फाँट विकत घेतला की तो आपला झाला, असं आपण धरून चालतो. खरं तर आपण घेतो तो वापराचा परवाना, बहुधा ठरावीक संगणकांपुरता. त्यात छपाईची मुभा असली, तरी ई-पुस्तकात, वेबसाइटवर किंवा ॲपमध्ये फाँट घालण्याची असेलच असं नाही. विंडोजबरोबर मिळणाऱ्या ‘मंगल’मध्ये मजकूर खुशाल छापावा, पण ती फाइल दुसऱ्याच्या संगणकावर टाकायचा हक्क त्यासोबत येत नाही.

छापील कागदावर परवाना कोण तपासणार, असं विचारलं जातं. पीडीएफच्या गुणधर्मांत फाँटचं नाव सहज दिसतं, हे त्याचं व्यावहारिक उत्तर. पण पकडलं जाण्याची भीती हे काही प्रामाणिकपणाचं कारण होऊ नये. देवनागरी फाँटमध्ये शेकडो जोडाक्षरं, रफार, वेलांट्या कुणीतरी एकेक करून बसवलेल्या असतात, मराठी वळणाचे ल आणि श वेगळे काढलेले असतात. लेखकाचं मानधन बुडवणं आपण गैर मानतो, मग हे कष्ट फुकट कसे? छोट्या प्रकाशकाला परवडत नाही, ही अडचण मात्र खरी आहे. तिच्यावर उपायही आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’, गूगलचा ‘नोटो’, मराठी वळण जपणारा ‘तिरो देवनागरी मराठी’ हे फाँट एसआयएल ओपन फाँट परवान्याखाली मोफत मिळतात. ते छापता येतात, ई-पुस्तकात घालता येतात, परवान्याच्या मजकुरासह छापखान्याला देताही येतात. नुसता फाँट तेवढा विकता येत नाही. मोफत फाँटमुळे सगळी पुस्तकं सारखी दिसतील, असं ज्याला वाटतं त्याने वेगळेपणाची किंमत मोजावी.

प्रकाशकांनी फाँटची बिलं आणि परवाने लेखकाच्या कराराशेजारीच ठेवावेत. श्रेयपानावर मुखपृष्ठकार, अक्षरजुळणीकार असतात. त्यांच्याखाली फाँटचं आणि तो घडवणाऱ्याचं नावही छापावं.