कळ कानडीत, कागद इंग्रजीत

मिरजेच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात केस पेपर उघडला की एकच भाषा दिसते. तक्रार, तपासण्या, निदान, औषधं, सगळं इंग्रजीत. ज्याच्या नावाचा तो कागद, त्यानं मात्र त्यातला शब्दही उच्चारलेला नसतो. माणूस कुडचीचा असेल तर तो कानडीत कण्हलेला असतो, कवठेमहांकाळचा असेल तर मराठीत, दर्ग्याच्या आसपास राहणारा असेल तर दखनीत. त्याचं बोलणं कागदावर पोचेपर्यंत मध्ये कुणीतरी ते उचलून न्यावं लागतं. मोठ्या डॉक्टरांचा राउंड यायच्या आधी हे काम बरंचसं एकोणीस-वीस वर्षांच्या मुली करतात. खिशात निळं आणि लाल पेन, मनगटावर सेकंदकाटा असलेलं घड्याळ, हातात ताप-नाडी-श्वास नोंदवायचा टीपीआरचा तक्ता. या नर्सिंगच्या विद्यार्थिनी. इथल्या एका रुग्णालयाच्या परवानगीनं मी बायकांच्या वॉर्डात त्यांच्या मागोमाग फिरले. त्या इंग्रजी कशी शिकतात हे मला पाहायचं होतं. पाहायला मिळालं ते त्याहून गुंतागुंतीचं होतं.

आधी गावाचा भूगोल. मिरज जंक्शनवरून बेळगावकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात शेडबाळ, उगार, कुडची, रायबाग ही कर्नाटकातली स्टेशनं घेऊ लागते. म्हैसाळ ओलांडलं की कागवाड. पूर्वेला जत तालुका, महाराष्ट्रातच, पण त्यातल्या कितीतरी गावांत घरची भाषा कानडी आणि शाळाही कानडी माध्यमाच्या. १९५६च्या राज्य पुनर्रचनेनं इथून एक रेघ ओढली, तिचा खटला २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आजार मात्र सकाळच्या पॅसेंजरनं मिरजेत उतरतो आणि रिक्षावाल्याला कानडीतच दवाखान्याचं नाव सांगतो. ही सवय शंभराहून अधिक वर्षांची आहे. कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे आलेले डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथं रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून दूरदूरचे लोक ‘मिशन’मध्ये येऊ लागले. १९६२ साली मेडिकल कॉलेज आलं. त्यांच्या भोवती खासगी दवाखाने, लॅब, औषधांची दुकानं आणि नर्सिंगची कॉलेजं वाढत गेली.

सकाळी वॉर्डात शिरताना हँडओव्हर होतं ते अर्ध्या इंग्रजीत. रात्रपाळीची सिस्टर सांगते, “बेड सातला एनबीएम आहे, नऊचं आउटपुट कमी आहे, अकराचं स्टॅट इंजेक्शन देऊन झालंय.” मराठी वाक्याच्या चौकटीत इंग्रजी आद्याक्षरं बसवलेली. पहिल्या वर्षाच्या मुलींना हीच इंग्रजी सर्वांत आधी येते. एनबीएम म्हणजे तोंडानं काही द्यायचं नाही, स्टॅट म्हणजे ताबडतोब, ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस लागलं तर. पुढं डोळ्यांच्या वॉर्डात ड्यूटी लागली की कळतं, तिथं ओडी म्हणजे उजवा डोळा. असल्या जागी चुकलेलं चालत नाही, म्हणून त्या एकमेकींना जिन्यात, मेसमध्ये, बसस्टॉपवर विचारत राहतात. इंग्रजीचं पुस्तक न उघडता इंग्रजी पाठ होते ती अशी.

मग खाटांकडे. एका खाटेवर रायबागकडच्या एक वयस्कर बाई पोट धरून बसलेल्या. मालगावची विद्यार्थिनी जवळ जाते. “मावशी, कुठं दुखालंय?” बाई मान हलवतात, हात पोटावरून फिरवतात, काहीतरी सांगतात. मालगावचीला त्यातलं निम्मं कळतं. ती पलीकडच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या जतच्या मैत्रिणीला हाक मारते. जतची येते, कॉटच्या कडेला हात टेकते आणि विचारते, “अव्वा, एल्ली नोव ऐतरी? एष्ट दिना आतरी?” बाईंचा चेहरा सैल होतो. आता त्या थांबतच नाहीत. कुठं दुखतं, कधीपासून, काय खाल्लं होतं, सुनेनं काय दिलं, गावच्या डॉक्टरनं कुठली सुई टोचली, सगळं बाहेर येतं. जतची ऐकता ऐकता मालगावचीला मराठीत सांगते, मालगावची इंग्रजीत लिहिते. तीन भाषांतून गेलेली ती हकिगत कागदावर दोन ओळींची होते.

या दोन ओळींत काय राहतं आणि काय गळतं, ते दुखण्याच्या वर्णनात दिसतं. आपल्याकडे दुखणं एकाच प्रकारचं नसतं. कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, आग होते, टोचतं, भणभणतं, पोटात गोळा उठतो, जीव घाबरा होतो. केस पेपरला शार्प, डल, बर्निंग, रेडिएटिंग अशी मोजकी पदं हवी असतात आणि शून्य ते दहामधला एक आकडा. दुखण्याला आकडा द्यायची कल्पनाच पुष्कळ रुग्णांना नवी. “दहापैकी किती?” या प्रश्नाला एका आजींनी “सगळंच” असं उत्तर दिलं. शिकाऊ मुली यावर आपापल्या युक्त्या काढतात. बाळंतपणाच्या कळांना दहा धरू, मग आत्ताचं किती? विंचू चावला होता का कधी, त्याच्यापेक्षा जास्त की कमी? हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. त्यातून निघणारा आकडा नेमका नसेल, पण सकाळचा आठ दुपारी पाच झाला का, एवढं त्यावरून कळतं, आणि औषध लागू पडतंय का हे ठरवायला ते पुरतं.

भाषेमुळे निदानापर्यंत फरक कसा पडतो ते एका दुपारी दिसलं. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेल्या एक आजी. अशा रुग्णाची शुद्ध ग्लासगो कोमा स्केलनं मोजतात. टीसडेल आणि जेनेट यांनी ती पद्धत १९७४ साली मांडली आणि आज ती जगभर वापरतात. डोळे उघडण्याला चार गुण, बोलण्याला पाच, हालचालीला सहा, एकूण पंधरा. बोलण्याचे पाच गुण मिळायला रुग्णाला आपण कोण, कुठं आहोत, वेळ कोणती हे सांगता आलं पाहिजे. बोलतो आहे पण गोंधळलेला आहे, तर चार. एका विद्यार्थिनीनं मराठीत विचारलं, “आज्जी, तुम्ही आत्ता कुठं आहात?” आजींनी सुनेचं नाव घेतलं, मग गप्प झाल्या. चार गुण, एकूण चौदा. थोड्या वेळानं कानडी येणाऱ्या मुलीनं तेच विचारलं, तेव्हा आजी तडक म्हणाल्या, “मिरजी दवाखानी,” आणि वर सकाळपासून कुणी चहा विचारला नाही म्हणून रागावल्या. चौदाचे पंधरा झाले. डोक्याच्या मारात हा एक गुण खाली येणं म्हणजे सिनिअर डॉक्टरला बोलावणं, स्कॅनचा विचार, घरच्यांची धावाधाव. गोंधळ मेंदूत होता की प्रश्नाच्या भाषेत, हे तक्त्याला कळत नाही.

दुपारनंतर लिखाण. प्रत्येकीला एका रुग्णाचा केअर प्लॅन करायचा असतो. त्यातल्या इंग्रजी वाक्याचा साचा ठरलेला: अमुक त्रास, ‘रिलेटेड टू’ अमुक कारण, ‘अॅज एव्हिडन्स्ड बाय’ अमुक पुरावा. वर्गात इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची वेळ आली की खाली मान घालणाऱ्या मुली हे वाक्य न अडखळता लिहितात. मात्र साचा हाताशी आला की रुग्णाकडे न पाहताही तो भरता येतो. एका वहीत ऑपरेशन न झालेल्या बाईच्या नावापुढं ऑपरेशनच्या जखमेचं दुखणं निर्दोष इंग्रजीत उतरलं होतं. शिकवणाऱ्या मॅडमनी त्यावर लाल रेघ मारली आणि मुलीला परत खाटेकडे धाडलं. व्याकरणाला त्यांनी हात लावला नाही.

बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सत्रात ‘कम्युनिकेटिव्ह इंग्लिश’ हा विषय आहे. पुढची सगळी पाठ्यपुस्तकं आणि परीक्षा इंग्रजीतच. मराठी किंवा कानडी माध्यमातून बारावी झालेल्या मुलींना पहिले काही महिने शरीररचनेचं पुस्तक म्हणजे आधी इंग्रजीचा आणि मग शरीराचा अभ्यास. आणि आता त्यात बाहेरदेशाची भर पडली आहे. संध्याकाळी मुली आयईएलटीएस, ओईटी या इंग्रजीच्या परीक्षांच्या, नाहीतर जर्मनच्या शिकवणीला जातात. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणीसाठी आयईएलटीएसमध्ये ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात. जर्मनीला साधारणपणे बी-२ पातळीची जर्मन लागते. महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जर्मनची चौकशी वाढल्याचं शिकवणीवाले सांगतात.

अशा एका ओईटीच्या वर्गात मी मागच्या बाकावर बसले. ओईटीच्या तोंडी परीक्षेत उमेदवाराला एक कार्ड मिळतं, तयारीला काही मिनिटं, मग संवादासाठी नेमलेली व्यक्ती रुग्ण होऊन बोलते. गुण नुसत्या उच्चाराला आणि व्याकरणाला नसतात. रुग्णाशी नातं जुळवलं का, त्याची काळजी ऐकून घेतली का, माहिती टप्प्याटप्प्यानं दिली का, त्याला कळलं की नाही हे तपासलं का, हेही पाहिलं जातं. त्या दिवशीचा विषय होता इन्शुलिन सुरू करायला घाबरणारा रुग्ण. जतची मुलगी उठली आणि तिनं सुरुवात केली ती इन्शुलिनच्या व्याख्येपासून. स्वादुपिंड, पेशी, साखरेची पातळी. रुग्ण झालेले सर खुर्चीत जांभई देण्याचं सोंग करू लागले. मग म्हणाले, “थांब. हेच अगोदर कानडीत कर.” वर्गातली चिकोडीची मुलगी रुग्ण झाली. जतची क्षणभर लाजली आणि मग तिच्या तोंडून वॉर्डातलं बोलणं सुटलं. घरी कोण असतं? सुई कोण टोचेल? जेवायला कितीला बसता? शेतात गेल्यावर चक्कर आली तर खिशात काय ठेवाल? शेवटी, “नीव हेळ्री”, आता तुम्ही सांगा बघू, म्हणून तिनं सगळं रुग्णाकडून परत वदवून घेतलं. सर म्हणाले, आता ह्याच क्रमानं इंग्रजीत. “हू इज अॅट होम विथ यू?” एवढ्या साध्या वाक्यापासून तिची दुसरी फेरी सुरू झाली. क्रियापदं दोनदा चुकली, पण संवाद उभा राहिला.

परीक्षा जे कौशल्य मागते ते या मुलींकडे आधीपासून आहे. ते फक्त दुसऱ्या भाषेत साठवलेलं आहे. पुस्तकातून आलेली इंग्रजी पुस्तकासारखीच बोलते. वॉर्डातल्या कानडी-मराठीवरून चालत आलेली इंग्रजी माणसाशी बोलते.

हा अनुभव एकट्या मिरजेचा नाही. इंडोनेशियात सातशेहून अधिक भाषा आहेत. १९२८च्या युवक शपथेत मलायवर आधारलेली ‘बहासा इंडोनेशिया’ सगळ्यांना जोडणारी भाषा मानली गेली. जावा बेटावरची नर्स घरी जावानीज बोलते, शाळेत इंडोनेशियन, आणि नोकरीसाठी आणखी एक भाषा शिकते. पूर्व जावातल्या पारे गावात कालेंद ओसेन यांनी १९७७ साली इंग्रजीचे वर्ग सुरू केले. त्यांच्याभोवती इतके वर्ग उभे राहिले, की देशभरची मुलं तिथं राहून शिकायला येतात आणि गावाचं नावच ‘इंग्रजी गाव’ पडलं. २००८ पासून जपानशी झालेल्या करारानुसार इंडोनेशियातल्या प्रशिक्षित नर्स जपानला जाऊ लागल्या. जपानमध्ये नर्स व्हायला राष्ट्रीय परीक्षा जपानीतून द्यावी लागते. २०१० साली इंडोनेशिया आणि फिलिपिन्समधून आलेले अडीचशेहून अधिक उमेदवार बसले आणि तिघं पास झाले. मायदेशी वर्षानुवर्षं वॉर्ड सांभाळलेली ही माणसं होती. पुढं जपाननं प्रश्नपत्रिकेतल्या अवघड चिनी अक्षरांवर उच्चार छापले, वेळ वाढवून दिला. उमेदवारांची शुश्रूषेची समज कमी नव्हती, ती कागदाच्या भाषेमागं दडली होती, एवढं तरी त्यातून मान्य झालं.

मिरजेत हे मान्य व्हायचं आहे. जतच्या मुलीच्या गुणपत्रिकेत इंग्रजीचे गुण आहेत. तिची कानडी कुठंच नोंदलेली नाही. ड्यूटी लावताना कुणाला कानडी येते हे सिस्टर तोंडी लक्षात ठेवतात, आणि ती मुलगी रजेवर असली की कागवाडहून आलेल्या नातेवाइकालाच दुभाष्या करतात. सुनेसमोर सासूनं अंगावरून जाण्याचा त्रास सांगायचा आणि पोरानं तो मराठीत डॉक्टरला कळवायचा, असे प्रसंग मग घडतात. केस पेपरवर वय आणि वजनाशेजारी रुग्णाची भाषा लिहायला एक रकाना पुरेल. खाटेपाशी नीट विचारण्याला प्रात्यक्षिकात गुण ठेवता येतील, मग ते विचारणं कोणत्याही भाषेतलं असो.

हे लवकर करायला हवं, कारण कानडी येणाऱ्या मुली पुढंही अशाच मिळत राहतील याची खात्री नाही. चांगल्या शिकलेल्या पुण्याला, ब्रिटनला, जर्मनीला जातील, आणि त्यांनी जावंच. त्यांच्या धाकट्या बहिणी मात्र आता पहिलीपासून इंग्रजी माध्यमात आहेत. त्यांना केअर प्लॅन लिहिणं सोपं जाईल. पण आजीशी कानडीत बोलायची सवय त्यांच्या घरातूनच सुटत चालली आहे. इंग्रजीसाठी आईबाप फी भरतात, सरकार करार करतं, शिकवणीवाले फलक लावतात. कानडी आणि दखनी फुकट मिळतात असं सगळ्यांनी धरलेलं आहे. मिरजेची रुग्णसेवा शंभर वर्षांहून अधिक काळ याच फुकटच्या भाषांवर चालली. ज्या दिवशी त्या फुकट मिळेनाशा होतील, त्या दिवशी त्यांचीही शिकवणी लावावी लागेल, आणि ती वॉर्डात बसून ऐकल्याशिवाय कुठल्याच क्लासमध्ये पुरी होणार नाही.