रालामंडलच्या रात्रीची मोजदाद

इंदूरला खेटून असलेल्या रालामंडलला 1989 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. डोंगरमाथ्यावर होळकरांची शिकारकोठी अजून उभी आहे, पण भोवतालच्या रानाभोवती रस्ते आणि वसाहती दरवर्षी जवळ सरकत आहेत. महूच्या पलीकडे, पाताळपाणी-चोरलच्या बाजूला, माळव्याचं पठार निमाडात उतरतं. तिथल्या दऱ्यांत सागाचं पानगळीचं जंगल त्या मानाने सलग आहे. अशा उरल्यासुरल्या रानांची चर्चा निघाली की बिबट्या, मोर, फार तर पाणपक्षी यांची नावं निघतात. वटवाघळांचं नाव निघालंच तर चिंचेवर किंवा वडावर दिवसाढवळ्या लटकलेली मोठी फळभक्षी वटवाघळं डोळ्यांसमोर येतात, आणि ‘आहेत की भरपूर’ म्हणून विषय संपतो. पण ती एकच जात झाली. भारतात वटवाघळांच्या सुमारे 130 जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक लहानखुऱ्या, कीटक खाणाऱ्या, अंधारातच वावरणाऱ्या आहेत. ही एक जात जितकी ठळक दिसते, तितकी बाकीच्यांची गैरहजेरी झाकली जाते. जंगलाच्या तुकड्याची खरी किंमत त्या न दिसणाऱ्या जातींवरून कळते, आणि आपल्या मोजणीतून नेमक्या त्याच निसटतात.

सगळ्या वटवाघळांना रान सारखंच लागत नाही. लांब, अरुंद पंखांची वटवाघळं उघड्या आभाळात वेगाने उडतात. पडके वाडे, मांडूसारखे भग्न महाल, रस्त्यांवरचे दिवे यांच्याशी त्यांचं जमून जातं. रुंद पंखांच्या, संथ उडणाऱ्या जाती मात्र फांद्यापानांच्या दाटीतच शिकार करतात आणि मोकळं मैदान ओलांडायला कचरतात. मलेशियात मॅथ्यू स्ट्रुबिग आणि सहकाऱ्यांनी जंगलाच्या तुकड्यांचा अभ्यास केला, तेव्हा झाडांच्या ढोलीत आणि पानांत राहणाऱ्या जाती लहान तुकड्यांत घटलेल्या आढळल्या. गुहेत राहणाऱ्यांवर तुकड्याच्या आकाराचा तसा परिणाम दिसला नाही. तमिळनाडूतल्या वालपारईत क्लेअर वर्डली यांच्या गटाला चहाच्या मळ्यांपेक्षा जंगलाचे उरलेले तुकडे आणि देशी झाडांच्या सावलीतली कॉफी वटवाघळांसाठी कितीतरी सरस दिसली. म्हणजे ‘रान लहान झालं, तरी जातींचा आकडा तेवढाच आहे’ या समाधानात अर्थ नाही. रानातल्या दोन जाती जाऊन गावातल्या दोन आल्या, तरी आकडा तोच राहतो.

मोजणी अवघड आहे ती इथेच. पायवाटेवर किंवा ओढ्यावर संध्याकाळी बारीक धाग्याची जाळी लावतात. सापडलेलं वटवाघूळ कापडी पिशवीत ठेवतात, कॅलिपरने त्याच्या पुढच्या हाताची लांबी घेतात, नाकावरची पानासारखी घडी आणि कानाचा आकार पाहतात आणि लगेच सोडून देतात. पण झाडांच्या शेंड्यांवरून उडणाऱ्या जाती या जाळीत येतच नाहीत. म्हणून अतिउच्च ध्वनी टिपणारा बॅट डिटेक्टर लावतात. माणसाच्या कानाची मजल 20 किलोहर्ट्झपर्यंत. पर्णनासिक गटातल्या एका लहान जातीची हाक 130 किलोहर्ट्झच्या आसपास असते. इतका उंच आवाज हवेत लवकर विरतो, त्यामुळे ते वटवाघूळ यंत्राच्या अगदी जवळून गेलं तरच नोंद होते. बेडूक, उंदीरही खाणारं मोठ्या कानांचं वटवाघूळ तर जवळजवळ कुजबुजतंच. भक्ष्याची सळसळ ऐकून ते झडप घालतं. आणि मोठी फळभक्षी वटवाघळं प्रतिध्वनीवर चालतच नाहीत, ती डोळ्यांनी आणि वासाने वाट काढतात. त्यांच्यापुढे डिटेक्टर निरुपयोगी. म्हणून जाळी, यंत्र आणि दिवसा ढोली, विहिरी, पुलांखालच्या फटी यांची पाहणी ही तिन्ही कामं हवीत, आणि तीही उन्हाळ्यात, पावसाळ्यात, हिवाळ्यात. एका मोसमातल्या यादीला सर्वेक्षण म्हणणं मला पटत नाही.

इतकं करूनही ओळख चुकू शकते. 1948 मध्ये तमिळनाडूतल्या डोंगरांत पकडलेलं एक वटवाघूळ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात एका साध्या, सर्वत्र आढळणाऱ्या जातीच्या नावाखाली पडून होतं. 1972 मध्ये थायलंडचे कित्ती थाँगलाँग्या यांनी ते नीट तपासलं आणि ती नवीच जात निघाली. तिला सालिम अलींचं नाव मिळालं. नमुना हाताशी होता, नजर मात्र 24 वर्षांनी पडली.

कुणी म्हणेल, पंख असलेल्या प्राण्याला रालामंडल संपलं तर चोरल आहेच. मोठ्या फळभक्षी वटवाघळांपुरतं ते खरं आहे, ती रात्रीत कित्येक किलोमीटर जातात. पण दाटीत शिकार करणाऱ्या लहान जातीसाठी मधला उजळलेला महामार्ग हीच भिंत ठरू शकते. दुसरी हरकत अधिक गंभीर आहे: रोगांची. 2018 मध्ये केरळात निपाने बळी घेतले आणि 2020 मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला निपाची प्रतिपिंडं आढळली. ही भीती खोटी ठरवू नये. पण हे कळलं तेसुद्धा कुणीतरी गुहेत उतरून, जात ओळखून, नमुने घेतले म्हणूनच. भीतीपोटी वसाहत उधळली तर ती वटवाघळं नाहीशी होत नाहीत, नव्या ठिकाणी पांगतात आणि नजरेआड होतात.

कायद्यातही हेच दिसलं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात फळभक्षी वटवाघळं बराच काळ उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांत गणली जात. ती अनुसूची 2022 च्या दुरुस्तीने गेली. पहिल्या अनुसूचीचं संरक्षण पूर्वी दोनच जातींना होतं. एक सालिम अलींच्या नावाची. दुसरी रॉटनची, जी 1913 मध्ये शास्त्राला माहीत झाली आणि पुढे अनेक दशकं फक्त बेळगाव जिल्ह्यातल्या बारापेडे गुहांपुरती ठाऊक होती. त्यांची नावं आणि पत्ते कुणीतरी नोंदवले होते, म्हणून कायद्याला त्या दिसल्या.

इंदुरात हे काम परकं वाटायला नको. 1891 मध्ये सुरू झालेलं होळकर सायन्स कॉलेज इथेच आहे. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वन विभागाची परवानगी आणि रेबीजची लस घेऊन, जाणत्या माणसाच्या हाताखाली, वर्षभर दर महिन्याला रालामंडल आणि चोरल या दोन्ही ठिकाणी एकाच पद्धतीने नोंदी घेतल्या, तर चोरलला सापडते पण रालामंडलला सापडत नाही अशी यादी हाती येईल. मधल्या पट्ट्यात झाडं कुठे राखायची आणि दिवे कुठे कमी करायचे, याचा विचार त्या यादीपासून सुरू करता येईल.