घरची गाडी आणि रानाची वाट

आमच्या सीमाभागातील गावांतून फेरफटका मारला, की आता एक दृश्य हमखास दिसते. जुन्या दगडी वाड्याच्या दिंडीशी, जेथे पूर्वी बैलगाडीचे जू टेकवून ठेवीत, तेथे उंच अंगाची, रुंद टायरांची मोटार उभी असते. तिला इंग्रजीत कोणतेही नाव असो, आमच्या बिदर-कलबुर्गीकडील म्हातारी माणसे तिला सरसकट ‘जीप’च म्हणतात. त्यात चूकही फारशी नाही. या सर्व गाड्यांची वंशावळ शोधू लागल्यास ती १९४१ च्या सुमारास अमेरिकेत लष्करासाठी बनलेल्या विलीज जीपपाशीच जाऊन पोहोचते. पुढे स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत महिंद्र कंपनीने मुंबईत तिची जुळणी सुरू केली. २००० साली बोलेरो, २००२ साली स्कॉर्पिओ आणि २०१० साली थार अशी तिची भारतीय भावंडे आली.

गंमत अशी, की जीप आपल्याकडे आली ती रस्ते नव्हते म्हणून. तहसीलदार, कृषिखात्याचे अधिकारी, देवीची लस टोचणारे पथक, अशी मंडळी तिच्यातून चिखल तुडवीत गावोगाव फिरत. आता हुमनाबादवरून पुणे-हैदराबाद महामार्ग जातो, नांदेड-बिदरकडून येणारा कलबुर्गीचा महामार्गही तेथेच त्याला भेटतो. हळ्ळीखेडहून निघालेला मनुष्य पोटातले पाणी न हलता तुळजापूर गाठतो. रस्ते असे झाल्यावर तरुणांना वाटू लागले आहे, की आता रस्ता सोडून जावे! रानात तंबू ठोकावा, चुलीवर भाकरी भाजावी, चांदण्याखाली निजावे.

या इच्छेला ‘शहरी खूळ’ म्हणून नाक मुरडण्याचे मला कारण दिसत नाही. वेळ अमावास्येला आपण दुसरे काय करतो? मार्गशीर्षातल्या त्या दिवशी लातूर-धाराशिवपासून बिदर-कलबुर्गीपर्यंत गावेच्या गावे ओस पडतात. घरदार शेतात जाते, कडब्याची कोप उभी राहते, पांडवांची पूजा होते आणि भज्जी, अंबिल, बाजरीचे उंडे यांवर सारे एका पंगतीत बसतात. ती आमची वनभोजनाची परंपरा तंबू विकणाऱ्या दुकानांहून कितीतरी जुनी आहे. त्यासाठी बैलगाडीही सिद्ध करावी लागे. लोहाराकडे नेऊन चाकाची धाव ठाकठीक करीत, सुतार सैल झालेले आरे घट्ट बसवी, आखाला ओंगण पडे, आणि मग कोठे बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा चढत. आधी आख, मग घुंगरू. हा क्रम आमच्या आजोबांना कोणी शिकविला नव्हता. आजच्या मोटारीबाबत तोच क्रम उलटा होऊ पाहत आहे.

माझ्या पुतण्याने गेल्या दिवाळीनंतर घरच्या गाडीत करावयाच्या फेरफारांची एक यादी माझ्यासमोर ठेवली. गाडी दोन इंच उचलणे, मोठे टायर, पुढे पोलादी आडवे दांडे, छतावर तंबू, प्रखर दिवे. खर्चाचा आकडा पाहून मी चष्मा पुसला. तो म्हणाला, “काका, रानात जायचं तर गाडी तशी नको का?” मी त्याला एवढेच विचारले, “बाबा, या गाडीत बसतं कोण, त्याची यादी केलीस का?”

ती यादी करणे हाच या विषयातील पहिला धडा आहे. रानात जाणे वर्षातून चार वेळा. उरलेले दिवस तीच गाडी माझ्या आईला गाणगापूरला नेते, सुनेला माहेरी सोडते, आणि अपरात्री कोणाची छाती दुखू लागली तर बिदरच्या दवाखान्याकडे धावते. घरची गाडी ही घराची रुग्णवाहिकाही असते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या स्त्रीला आताच ज्या पायरीवर चढताना दोघांचा आधार लागतो, ती पायरी आणखी दोन इंच वर गेली तर तिचा प्रवासच खुंटेल.

आता यंत्राचा हिशेब पाहू. टायरावर २३५/७० आर १६ असे आकडे असतात. त्याचा अर्थ असा : रुंदी २३५ मिलिमीटर, बगलेची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, आणि आतल्या चाकाचा व्यास १६ इंच. या टायराचा एकूण व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २४५/७५ आर १६ घातला तर तो सुमारे ७७४ होतो. म्हणजे व्यास वाढला ३९ मिलिमीटर. परंतु गाडीचे पोट जमिनीपासून वर जाते ते त्याच्या निम्मे, बोटभरही नाही! उलट, वेगदर्शक काटा साठ दाखवीत असताना गाडी त्रेसष्टने धावत असते. जड चाक फिरवायला इंजिनाला जोर जास्त लागतो, थांबवायला ब्रेकला कष्ट जास्त, आणि तेल अधिक जळते. वळणावर टायर मडगार्डला घासला तर तो निराळाच ताप.

स्प्रिंगा किंवा पाटे बदलून गाडी उचलली, तर तिचा भारमध्यही वर सरकतो. कडब्याने शिगोशीग भरलेली गाडी उतारावर कशी कलंडते, हे ज्याने पाहिले आहे त्याला यापुढे समजाविण्याची गरज नाही. शिवाय दिव्यांचा झोत वर जाऊन समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. छतावरच्या तंबूचेही तसेच. पन्नास-साठ किलोंचे ते ओझे गाडीच्या सर्वांत उंच भागी बसते. समजा, गाडीची वाहनक्षमता पाचशे किलो आहे. सरासरी साठ किलोंची सात माणसे बसली की चारशे वीस संपले. उरलेल्या ऐंशीत तंबू, पोलादी दांडे, पाणी, शिधा हे सारे कसे बसावे? हा चौथीच्या मुलाला घालावा असा हिशेब आहे. पण उत्साहाच्या भरात मोठेही तो मांडीत नाहीत.

कायद्याचीही बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या बावन्नाव्या कलमान्वये, निर्मात्याने मूळ दिलेल्या व नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. पुढील पोलादी दांड्यांविरुद्ध तर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करण्यास कळविले. त्या दांड्यांनी पादचाऱ्याचा घात होतोच, पण धडकेच्या वेळी आतील हवेच्या पिशव्या उघडण्याच्या यंत्रणेतही व्यत्यय येऊ शकतो. म्हणजे जे संरक्षण म्हणून लावले, तेच आपल्या माणसावर उलटावयाचे! विमा कंपनीस न कळविता केलेला बदल भरपाईच्या वेळी आड येऊ शकतो, हेही ध्यानी असावे.

मग काहीच करू नये काय? तसे नव्हे. करण्याजोगे पुष्कळ आहे, फक्त ते मिरविण्याजोगे नाही. कंपनीने त्या गाडीसाठी मान्य केलेल्या मापातच, पण खडबडीत नक्षीचे चांगले टायर घ्यावेत. इंजिनाच्या पोटाखाली दगड लागू नये म्हणून कंपनीच्या साहाय्यक वस्तूंतील जाड पत्रा बसवून घ्यावा. पूर्ण मापाची, हवा भरलेली स्टेपनी, हवा भरण्याचा छोटा पंप, हवेचे माप, फावडे, ओढण्याचा मजबूत पट्टा आणि जॅकखाली ठेवण्यास जाड फळी हे सामान कायम गाडीत असावे. मऊ वाळूत हवा थोडी कमी केली, की टायर पसरतो व गाडी रुतत नाही. मात्र डांबरी रस्त्यावर येताच ती पुन्हा भरलीच पाहिजे. दुसऱ्या गाडीने ओढताना पट्टा कंपनीने दिलेल्या आकड्यातच अडकवावा व बाकीच्यांनी दूर उभे राहावे. तुटलेला पट्टा चाबकासारखा येतो. जादा दिवे किंवा पंखा लावावयाचा तर मूळ तारा कापून जोड देऊ नयेत, स्वतंत्र फ्यूज असावा. उघड्या जोडांतून गाड्या पेटतात.

निजण्याविषयी दोन नियम अपवादाविना पाळावेत. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपू नये, आणि गाडीत वा तंबूत शेगडी पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाही, रंग नाही; त्याने झोपलेला माणूस जागा होत नाही. तसेच नाल्याच्या कोरड्या पात्रात मुक्काम करू नये. वर कोठे पाऊस झाला हे खालच्यास कळण्याआधी पाणी येते.

आपल्या मातीचा स्वभावही ओळखावा. बिदरच्या पठारावरील जांभा दगडाची तांबडी जमीन पाणी लवकर जिरविते. पण हुमनाबादकडून कलबुर्गीकडे पसरलेली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते. तिचा गारा टायरच्या खाचांत भरला, की चाक गुळगुळीत होते आणि चारही चाकांना जोर असलेली गाडीसुद्धा जागीच गरगरते. त्या मातीवर उपाय यंत्रात नाही, पंचांगात आहे : पावसाळ्यात तिकडे जाऊच नये.

आणि अखेरची, परंतु माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट. ‘रस्ता सोडून’ म्हणजे कोठे? आपल्या भागात रस्त्याच्या कडेची जमीन बहुधा कोणाच्या तरी पोटाची असते. कलबुर्गी हे तुरीचे कोठार. हिंडण्याची हौस फुलते त्याच थंडीत तूर आणि शाळू उभे असतात. एक बांध चाकाखाली फुटला तर शेजाऱ्यांची दोन पिढ्यांची भांडणे जागी होतात. म्हणून शेताच्या धन्यास विचारून, त्याच्याच खळ्यावर उतरावे. हुरड्याच्या दिवसांत तो स्वतःच कणसे भाजून पुढे करील. कलबुर्गी जिल्ह्यातील चिंचोळीचे रान २०११ पासून अभयारण्य आहे. तेथे वनखात्याची परवानगी घ्यावी, ठरलेल्या वाटेवरूनच जावे आणि विस्तव मुळीच पेटवू नये.

आमच्या घरी शेवटी काय ठरले? टायर आले, ते मूळ मापाचे. पत्रा बसला. दुमडणाऱ्या आसनांवर टाकावयाची एक फळी गावच्या सुताराने करून दिली. ती रात्री काढता-घालता येते. उरलेल्या पैशांतून पुतण्याने जे घेतले ते मला त्याच्या यादीत दिसले नव्हते : दाराशी लावावयाची, घडी होणारी एक भक्कम पायरी. आजीने तिच्यावर पाय ठेवून पाहिला आणि विचारले, “अरे, येळवसेला मलाही नेणार ना रे?”

गाडी रानात जाण्यास योग्य झाली की नाही, याची कसोटी तिची उंची किंवा दिव्यांचा लखलखाट नव्हे. तिच्यातून घरातील किती माणसे निघाली आणि तितकीच सुखरूप परतली की नाहीत, हीच ती कसोटी.